पालथा न घातलेला पेला

आमच्या गाठोड्याला बाटली मुळातच आवडत नाही. त्यामुळे त्या शनिवारी दुपारी तिनं दोन घोट घेऊन तोंड फिरवलं, तिसरा घोट फुर्रकन माझ्या अंगावर उडवला आणि वर माझ्याकडेच 'हे काय दिलंस' अशा नजरेनं बघितलं, तेव्हा मला हसूच आलं.

"घे गं बाई," मी म्हटलं. "तुझ्या आईनं पास केलेलं पाणी आहे."

गाठोडं म्हणजे माझी मुलगी. नऊ महिन्यांची. हे नाव तिच्या बापाचं. लढाई संपली त्याच आठवड्यात, परत जाणाऱ्या फौजेनं जाता जाता डोंगरापलीकडच्या तेलविहिरी पेटवून दिल्या. त्या सात महिने जळत होत्या. भर दुपारी दिवे लावायला लागायचे आणि दोरीवरचं धुणं वाळण्याआधी काळं व्हायचं. त्याच दिवसांत ही जन्मली. दवाखान्यातून आणताना नवऱ्यानं तिला आधी दुपट्यात, मग चादरीत, मग स्वतःच्या कोटात गुंडाळलं. सासूबाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "पोरगी आणलीत की धुण्याचं गाठोडं?" तेव्हापासून ती गाठोडं. जन्मदाखल्यावर वेगळं नाव आहे, पण त्या नावानं हाक मारली तर ती बघतही नाही.

विहिरी विझल्या, पण तेल विझत नाही. फुटलेल्या विहिरींतून आणि नळांतून वाहून आलेलं तेल कालव्यानं आमच्या नदीत उतरलं. नदीवरचं पंपघर दहा महिने बंद होतं. शहराला टँकरचं पाणी. रांगा, बादल्या, भांडणं. दुखऱ्या कंबरा. नदीत आडवे अडसर टाकले, पृष्ठभागावरचं तेल ओढून काढलं, काठ खरवडला. माझा नवरा अजून तिकडेच आहे, विहिरींजवळची तेलाची डबकी उपसणाऱ्या टोळीत. पंधरा दिवसांनी घरी येतो आणि आधी जिन्यात उभा राहून कपडे झटकतो.

मी पाणीखात्यात नमुनेवाली. नदीचं पाणी बाटल्यांत भरायचं, चिठ्ठी लावायची, प्रयोगशाळेत न्यायचं, 'नमुना घेणार' या शब्दांपुढे सही करायची. सात वर्षं हेच काम. गेल्या आठवड्यात मी सहा नमुने घेतले होते. सहाच्या सहा नमुन्यांत तेल शून्य. त्या कागदावर माझी सही होती आणि त्या सहीवर सोमवारी सकाळी दहा वाजता शहराला पाणी सुटणार होतं. आमच्याकडे पद्धत आहे की पाणी पास झालं की चाचणीच्या नळावरचा पहिला कॅन कर्मचाऱ्यांनी घरी न्यायचा. मीही नेला. सासूबाईंनी तो ओट्यावर मधोमध ठेवला, पाहुण्याला बसवावं तसा.

गाठोडं पिणार नाही म्हटल्यावर मी बाटली मोरीत ओतून दिली आणि धुवायला घेतली.

बाटलीच्या आत, पाणी जिथवर होतं तिथं, एक पुसटशी तपकिरी रेघ होती. ब्रश फिरवला. गेली नाही, पसरली. गरम पाणी, साबण, पुन्हा ब्रश. मग बाटली उजेडात धरली. आतलं पाणी सरळ खाली ओघळतच नव्हतं. तेल चोळलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखे त्याचे मणी होऊन बसले होते. बोट घालून बघितलं. चिकट. वास घेतला, पण त्याचा काय उपयोग? दहा महिन्यांत या शहरातली सगळी नाकं मेली आहेत.

बाटली प्लास्टिकची होती.

माझे हात मोरीतच थांबले. आमच्या नमुन्यांच्या बाटल्याही प्लास्टिकच्या होत्या.

काचेच्या आमच्याकडे दीडशे होत्या. प्रयोगशाळेशेजारी बाँब पडला त्या दिवशी एका क्षणात दीडशेच्या दीडशे फुटल्या. नंतर ज्या मिळाल्या त्या प्लास्टिकच्या, आणि कुणी काही बोललं नाही. बाटल्या मिळाल्या हेच नवल होतं. मी नमुने कसे घेतले? सात वर्षं घेते तसेच. बाटली नदीच्या पाण्यानं तीनदा विसळली. मग तोंड खाली करून हातभर खोल बुडवली आणि भरली, म्हणजे वरची घाण आत यायला नको. एरवीच्या तपासणीला हेच बरोबर. तेलासाठी मात्र यातलं एकेक चूक. तेल वर तरंगतं, मी खालून भरलं. तेल प्लास्टिकला धरून बसतं, मी ते तीनदा विसळून भिंतींना लावलं. आणि प्रयोगशाळेत आमच्या केमिस्टताईनं बाटलीतलं पाणी ओतून घेतलं, ते तपासलं. रिकाम्या बाटलीकडे कुणी बघितलं नाही. नोकरीला लागले तेव्हा एका दिवसाच्या शिकवणीत हे आम्हाला सांगितलं होतं: तेलाला काच, विसळायचं नाही, पृष्ठभागावरून घ्यायचं. सात वर्षांत तेल तपासायची वेळच आली नव्हती. हाताला सवय होती, आणि हातांनी सवयीप्रमाणे काम केलं.

"काय झालं?" सासूबाई दारात. त्या तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. भांड्यांचा आवाज थांबला की त्यांना काळजी वाटते.

मी सांगितलं. त्यांनी बाटली हातात घेतली, आत बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं.

"डोळ्यांत तेल घालून काम करते म्हणायचीस ना?"

"आई, आता टोमणे नकोत."

"टोमणा कसला, विचारतेय. तेलाच्या डब्यातलं तेल ओतून घेतलं की डबा कोरडा होतो का? आमच्याकडे नवी पोरगी कामाला आली की पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. भांडं धुतलंस का ते भांड्याला विचार." मग त्यांचा आवाज उतरला. "हिनं किती प्यायलं?"

"दोन घोट."

आम्ही दोघींनी गाठोड्याकडे बघितलं. ती जमिनीवर बसून माझी चप्पल चाटत होती.

चौकातल्या दवाखान्यातल्या नर्सनं तिला उलटसुलट करून तपासलं, पोट दाबलं, जीभ बघितली. "दोन घोटांनी काही होत नाही," ती म्हणाली. "पण रोज देऊ नको म्हणजे झालं."

रोज तर मी सोमवारपासून सगळ्या शहराला देणार होते.

रविवारी सकाळी मी काच गोळा करायला निघाले. आमच्या घरात तीन बरण्या. वरच्या मजल्यावरच्या वहिनींचं दार वाजवलं. कंबरेला पट्टा बांधून त्या टँकरच्या रांगेत उभ्या राहतात आणि रोज चार बादल्या तीन जिने चढवतात. त्यांनी दोन बरण्या आणून दिल्या, धुतलेल्या, पुसलेल्या.

"उद्या पाणी येणार, आणि तू आज बरण्या कशाला मागतेस?"

मी खोटं बोलू शकले असते. पण त्यांच्या धाकटीला माझ्या मांडीवर खेळवलेलं आहे.

ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला. "नाही हं," त्या म्हणाल्या. "आता नाही. आता मला काही सांगू नकोस. उद्या पाणी येणार म्हणून मी पिंप घासून ठेवलंय. तू चुकलीस म्हणून आम्ही अजून दोन महिने बादल्या ओढायच्या?"

"हो वहिनी."

"हो म्हणते! लाज नाही वाटत?"

"वाटते की. म्हणून तर बरण्या मागायला आले."

त्यांनी दार लावून घेतलं. बरण्या मात्र माझ्या हातात राहिल्या.

नदीवर सकाळचं ऊन होतं. अडसरांच्या अलीकडे पाणी छान दिसत होतं. दूरवरून तर बघत राहावं असं. जवळ गेलं की कळतं. लव्हाळ्यांच्या बुडाला काळा पट्टा, जळलेल्या किनारीसारखा. पाण्यावर निळी, हिरवी, जांभळी झाक हलत असते. पोरं त्याला मोरपाणी म्हणतात. या पाण्यावर पूर्वी बगळे उतरायचे. आता एकच येतो, काठावर उभा राहतो आणि पाय उचलून उचलून बघतो. मी पायऱ्यांवर पालथी झोपले, बरणीचं तोंड मोरपाण्याला आडवं लावलं आणि वरचंवर पाणी आत येऊ दिलं. विसळलं नाही. हात मात्र दरवेळी विसळायला वळत होता, त्याला धरून ठेवावं लागत होतं.

प्रयोगशाळेत केमिस्टताई रविवारचीही होती. तिचं घर लढाईत पडलं, तेव्हापासून ती तिथंच राहते, मागच्या खोलीत. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाटलीसुद्धा द्रावकानं धुवायची असते," ती म्हणाली. "मला माहीत होतं. द्रावक कमी होतं म्हणून मी ती पायरी गाळली. तू एकटी नाहीस, कळलं?"

तिनं माझ्या पाच बरण्या तपासल्या, या वेळी भिंतींसकट. आकडा आला तो दोनदा वाचला, मग मला वाचायला लावला. पिण्याच्या पाण्यात चालतो त्याच्या नऊपट. त्यानंतर तिनं कपाट उघडलं. गेल्या आठवड्यातल्या माझ्या सहा प्लास्टिकच्या बाटल्या तिथं ओळीनं रिकाम्या उभ्या होत्या, माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. उरलेलं द्रावक तिनं त्यांत एकेक करून फिरवलं. पहिली बाटली धुऊन निघालेलं द्रावक काळ्या चहासारखं होतं. सहावीचंही.

"हे घे आमचं शून्य," ती म्हणाली.

साहेब पंपघराच्या अंगणात मांडव घालून घेत होते. आमचे साहेब वाईट माणूस नाहीत, हे आधी लिहून ठेवते. लढाईत चाळीस दिवस ते पंपघरातच झोपले, आणि बाँब पडत असताना वीज जोडायला स्वतः खांबावर चढले. दहा महिन्यांत शहरानं त्यांना जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या शत्रूलाही दिल्या नसतील.

त्यांनी आम्हा दोघींचं ऐकून घेतलं. कागद वाचला. मग बरण्यांकडे बोट केलं.

"यात आधी काय होतं?"

"साखर," मी म्हटलं. "आणि एकीत बटणं."

"म्हणजे स्वयंपाकघरातल्या डब्यांवर मी शहराचं पाणी बंद ठेवायचं. उद्या वरून माणसं येतायत. दवाखान्यात शस्त्रक्रिया अडल्यायत. शाळा बंद आहेत, पोरं रांगेत उभी असतात. तुम्हाला काय वाटतं, मला कळत नाही? थोडं तेल असेल. हळूहळू जाईल."

"साहेब, नऊपट आहे."

"प्रयोगशाळेचं अधिकृत पत्र शून्याचं आहे. सही तुमची आहे."

"सही मी मागे घेते."

ते माझ्याकडे वळले. "लिहून द्या मग. नमुने नियमाप्रमाणे घेतले नाहीत, चूक माझी. असं लिहून दिलंत तर तुमचं काय होईल ते माहीत आहे ना? लहान मूल आहे घरात."

"लहान मूल आहे म्हणूनच देतेय," मी म्हटलं. तिथंच खुर्चीवर कागद ठेवून लिहिलं. केमिस्टताईनं खाली स्वतःची चूक वेगळी लिहिली आणि सही केली. साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला आणि मांडववाल्याला हाक मारली, "अरे, तो कोपरा वर घे."

कागद खिशातच राहणार होता, हे आम्हाला दोघींनाही कळलं.

आता चावीवाल्या काकांबद्दल सांगायला हवं. पंपघरातून शहराकडे जाणाऱ्या मोठ्या नळाचा व्हॉल्व्ह ते उघडतात. खांद्याएवढी लोखंडी चावी, वर आडवी मूठ. ती खाली व्हॉल्व्हच्या टोकाला बसवायची आणि गोल फिरत चालायचं. एकतीस वर्षं तेच चालतायत. त्यांच्या खोलीत कोनाड्यात एक काचेचा पेला असतो, जाड बुडाचा, कायम पालथा. पंपघर कुठल्याही कारणानं बंद राहिलं आणि पुन्हा सुरू करायचं झालं, की ज्याची सही असेल त्यानं पहिला पेला काकांसमोर प्यायचा. मग काका तो पेला स्वतः धुणार, पुसणार, कोनाड्यात पालथा घालणार, आणि मगच चावीला हात लावणार. हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही. काकांच्या आधीच्या चावीवाल्यानं त्यांना पेल्यासकट दिला. मी सात वर्षांत दोनदा असा पेला प्यायले आहे, दोन्ही वेळा काका म्हणाले होते, "हं. आता माझ्या नातवंडांना."

सोमवारी साडेनऊला अंगण भरलं. टेबलावर पांढराशुभ्र कपडा, चार पाहुणे, फुलं कागदाची, कारण खरी अजून उगवत नाहीत. गेटबाहेर बादल्या आणि पिंपं घेऊन आख्खी वस्ती. वहिनी पुढे होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सासूबाई गाठोड्याला कडेवर घेऊन मागे झाडाखाली उभ्या होत्या. त्यांना येऊ नका म्हटलं होतं.

"मी घरी बसून काय करू?" त्या म्हणाल्या होत्या. "तुझं काय होतंय ते शेजारणींकडून ऐकू?"

भाषणं झाली. काकांनी चाचणीच्या नळाखाली पेला भरला आणि माझ्यापुढे धरला.

"घे नमुनेवाली."

"काका, मी पिणार नाही. माझी सही मी काल मागे घेतली आहे. कागद साहेबांच्या खिशात आहे."

आधी कुणाला ऐकूच गेलं नाही. मग पुढच्यांनी मागच्यांना सांगितलं, आणि गेटपासून आवाज उठला. पाणी सोडा, नाटकं पुरे, दहा महिने झाले. कुणीतरी म्हणालं, "हिच्या घरी कर्मचाऱ्यांचा नळ असेल!" पाहुण्यांतला एक साहेबांच्या कानाशी वाकला.

साहेब उठले. शांतपणे चालत आले, काकांच्या हातातून पेला घेतला, वर धरून सगळ्यांना दाखवला.

"मी खात्याचा प्रमुख आहे. मी पितो."

आणि प्यायले. एका दमात, शेवटच्या थेंबापर्यंत. गळ्याची घाटी वरखाली होताना दिसत होती. मग पेला उलटा करून रिकामा असल्याचं दाखवलं आणि हसले.

टाळ्या पडल्या, पिंपं वाजली. मला वाटलं, संपलं. एका माणसाच्या धाडसापुढे माझे आकडे कुठे टिकणार? गाठोडं त्या आवाजानं खूश होऊन आजीच्या कडेवर नाचायला लागलं होतं, आणि मला रडू फुटायच्या बेतात होतं.

काकांनी पेला परत घेतला आणि सवयीप्रमाणे धुवायला नेला.

धुवायची जागा अंगणातच, चाचणीच्या नळापाशी आहे, मांडवाच्या खांबाला लागून. त्यांनी टँकरच्या पाण्याच्या पिंपातून तांब्याभर पाणी घेतलं, पेला विसळला, उजेडात धरला. पुन्हा विसळला. साबण लावला. फडक्यानं आतून पुसला, फडक्याकडे बघितलं. मग काठावरची माती चिमटीत घेऊन घासलं, बोटं आत घालून, एकतीस वर्षांच्या नेटानं. टाळ्या थांबल्या होत्या. पाहुणे घड्याळ बघत होते.

"काका, चला," साहेब म्हणाले.

"येतो. पेला निघत नाहीये."

"राहू दे तो."

"असा कसा राहू दे?" काकांनी पेला पुन्हा उन्हात धरला. काचेवर त्यांच्या चार बोटांच्या वाटा उमटल्या होत्या, आणि वाटांच्या मधे पाण्याचे मणी बसले होते, न ओघळता. "नमुनेवाली, इकडे ये. हे काय आहे?"

"तेल आहे काका. भांड्याला धरून बसतं. पाणी पिऊन झालं तरी जात नाही."

"मग साहेब प्यायले ते?"

"त्यांच्याही आत धरून बसलं असेल. साहेबांना विचारा."

गेटपाशी कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचा हात नकळत पोटाकडे गेला, आणि ते सगळ्यांनी बघितलं.

काका पेला घेऊन कोनाड्याकडे गेलेच नाहीत. त्यांनी तो टेबलावर ठेवला, पाहुण्यांच्या पुढ्यात, सुलटा. मग व्हॉल्व्हवर बसवलेली चावी ओढून काढली, खांद्यावर टाकली आणि पायरीवर बसले.

"चावी लावा," साहेब म्हणाले.

"पेला पालथा घातल्याशिवाय चावी फिरत नाही."

"हा काय कायदा आहे?"

"कायदा कुठला? माझी रीत आहे."

"चावी खात्याची आहे, काका."

"घ्या की," काका म्हणाले आणि ती पुढे केली. "फिरवा. एकशे चाळीस फेरे आहेत. पहिले दहा सोपे जातात."

तेवढ्यात वहिनी गेट ढकलून आत आल्या. चौकीदार नको नको म्हणत मागे आला, त्याला त्यांनी रिकामी बादली धरायला दिली. तडक टेबलाशी गेल्या, पेल्यात बोट घातलं, आतून गोल फिरवलं आणि बोटाकडे बघितलं. नाकाशी नेलं, सवयीनं. मग ते बोट पाहुण्यांसमोरच्या पांढऱ्या कपड्यावर पुसलं.

कपड्यावर वीतभर लांब तपकिरी रेघ उठली.

वहिनींनी त्या रेघेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "माझ्या बरणीत पण हेच आलं?"

"पाचही बरण्यांत."

"आणि हे तू मला माझ्या दारात सांगत होतीस."

"हो."

"मी दार लावलं." त्या गेटकडे वळल्या आणि तिसऱ्या मजल्यावरून टँकरवाल्याला हाक मारायचा जो आवाज आहे, तो लावला. "या गं सगळ्या! बघून जा! आपल्या पोरांना पाजायला आणलंय!"

मग बायका आल्या, बाप्ये आले, रांगेनं आले. दहा महिन्यांत आम्हाला दुसरं काही आलं नाही तरी रांग लावता येते. प्रत्येकानं पेल्यात बोट फिरवलं आणि कपड्यावर पुसलं. पेल्यातलं संपलं तेव्हा केमिस्टताईनं आपल्या पिशवीतून साखरेची बरणी काढून शेजारी ठेवली. पाहुणे केव्हा उठून गेले कुणाला कळलं नाही. सासूबाई शेवटी आल्या. त्यांनी गाठोड्याचा हात धरला, क्षणभर विचार केला आणि स्वतःचंच बोट फिरवलं.

"हिनं आधीच चाखलंय," त्या साहेबांना म्हणाल्या. "हिची पाळी झाली."

साहेब खुर्चीवर बसले होते. त्यांनी खिशातून माझा कागद काढला, घडी उलगडली, मांडीवर सरळ केली. तो कागद पुन्हा खिशात गेला नाही. काकांनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि नळाच्या वरच्या खिळ्याला टोचून टाकला. तिथं तो अजून आहे.

पाणी सुटलं नाही.

त्यानंतर सगळं छान झालं असं नाही. टँकर आहेत, रांगा आहेत, दवाखान्यासाठी रोज दोन टँकर आधी सुटतात आणि त्यावरून भांडणं होतात. साहेब दोन दिवस कामावर आले नाहीत. पोट, असं शिपायानं सांगितलं आणि हसू दाबलं. तिसऱ्या दिवशी मला पत्र मिळालं. नमुने घेण्यात हयगय केल्याबद्दल पुढील आदेशापर्यंत कामावरून दूर. चूक माझी होती, त्यामुळे पत्र मी सही करून घेतलं. पण पुढच्या नमुन्यांवर सही करायला खात्यात दुसरं कुणी पुढे येईना, कारण ज्याची सही त्याला काकांसमोर पेला.

म्हणून दर बुधवारी मीच जाते. कामावर नसले तरी नदी कुणी माझ्यापासून दूर केलेली नाही. सोबत आता अकरा बरण्या असतात, वस्तीतल्या घराघरातून आलेल्या, आणि झाकणांवर सासूबाईंच्या ठसठशीत अक्षरातल्या चिठ्ठ्या. बारावी गेल्या आठवड्यात साहेबांच्या शिपायानं आणून दिली. कुणाची ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. चांगली रुंद तोंडाची बरणी आहे.

नवरा आला तेव्हा जिन्यात कपडे झटकून आत आला आणि ओट्यावरची रांग बघून म्हणाला, "तिकडे आम्ही तेल उपसतोय, इकडे तू बरण्यांत भरून ठेवतेयस."

"लवकर उपसा मग," मी म्हटलं. "माझ्या बरण्या संपत आल्या."

गाठोडं पाठीवर बांधून नेते. मी पायऱ्यांवर पालथी झोपले की ती माझ्या पाठीवर बसून केस ओढते आणि बगळ्याला हाका मारते. आकडा नऊपटीवरून सातपटीवर आला आहे, परवा साडेसहा. परतताना आम्ही काकांच्या खोलीत डोकावतो. कोनाड्यात पेला आहे, सुलटा, आतून धुरकट. कुणीतरी नवा आणून दिला होता, तो काकांनी परत केला. हाच स्वच्छ निघाला पाहिजे, म्हणाले.

गाठोडं हात लांब करून तो मागते.

"अजून नाही, बाळा," काका म्हणतात. "आधी तुझी आई पिईल."